निवाडा आणि अंमल : दिवाळे-बेलापूर परिसरातील ग्राहकहक्काचा इतिहास

पनवेल खाडीच्या काठी, बेलापूरच्या जुन्या किल्ल्याजवळ दिवाळे हे कोळ्यांचे गाव वसलेले असून तेथून थोड्याच अंतरावर सिडको भवन, कोकण भवन आणि इतर शासकीय कार्यालयांनी व्यापलेले बेलापूरचे मध्यवर्ती व्यवसायक्षेत्र आहे. ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणारा ठाण्याचा अतिरिक्त जिल्हा ग्राहक न्यायमंच, ज्याला आता आयोग म्हटले जाते, याच कोकण भवनात बसत आला आहे. समोरासमोर होणारी मासळीची विक्री, शिक्का मारलेल्या वजनांचा बाजार आणि छापील करारावर विकली जाणारी सदनिका, असे खरेदी-विक्रीचे तीन वेगवेगळ्या काळांतील प्रकार या लहानशा टापूत आजही एकत्र नांदतात. त्यामुळे भारतातील ग्राहक संरक्षणाचा इतिहास येथून पाहिला असता त्याचे टप्पे विशेष स्पष्टपणे दिसतात. हक्कांची यादी प्रत्येक टप्प्यावर लांबत गेली, परंतु त्या हक्कांची खरी कसोटी दोनच प्रश्नांवर लागत आली : निवाडा मागणाऱ्याला तो आपल्या आवाक्यात मिळतो काय, आणि मिळालेल्या निवाड्याची बजावणी होते काय. २०१९ चा ग्राहक संरक्षण अधिनियम आणि त्यानंतरचे बदल याच दोन प्रश्नांच्या प्रकाशात तपासले पाहिजेत.

खाडीकाठच्या अर्थव्यवहारात मासळी, भात आणि मीठ या तीन वस्तूंना पूर्वापार महत्त्व होते. भात आणि मीठ मापाने दिले जात, तर मासळी मोठी असल्यास नगावर, आणि लहान असल्यास वाटा लावून, म्हणजे समोर मांडलेल्या ढिगाची किंमत ठरवून, विकली जात असे. पुरुषांनी पकडलेली मासळी बाजारात विकण्याचे काम कोळी स्त्रियांकडे असल्याने दराची घासाघीस, उधारी आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला घातलेली भर या साऱ्यांचा निर्णय त्याच करीत. वाट्याच्या विक्रीत वजनाची हमी नसते, मात्र माल गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर असतो. कल्ला उघडून पाहणे, मासा दाबून पाहणे आणि न पटल्यास पुढच्या कोळणीकडे जाणे, एवढेच ग्राहकाचे संरक्षण होते आणि ताज्या मालाच्या रोजच्या व्यवहाराला ते बऱ्याच अंशी पुरेसेही होते. विकणारी आणि घेणारा उद्या पुन्हा भेटणार आहेत, ही जाणीव या व्यवहाराला बांधून ठेवीत असे.

धान्याच्या बाबतीत मात्र एवढ्यावर भागत नव्हते. चिपटे, मापटे, शेर, पायली, मण आणि खंडी ही मापे सर्वत्र एकाच नावाने चालत असली, तरी त्यांचा आकार प्रांतागणिक, कधी पेठेगणिक बदलत असे. त्यामुळे एका गावच्या पायलीने घेतलेले धान्य दुसऱ्या गावच्या पायलीने कमी भरणे ही फसवणूक आहे की रिवाज, हे ठरविणेच अवघड होते. मराठेशाहीतील शहरांत कोतवालाकडे बाजाराच्या देखरेखीबरोबर वजने-मापे तपासण्याचेही काम असे. म्हणजेच विकणाऱ्याच्या हातातील माप खरे आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी राज्यसंस्थेची आहे, ही कल्पना इंग्रजी अमलापूर्वीही परिचित होती. परंतु तिचा आवाका शहरांपुरता आणि त्या त्या अधिकाऱ्याच्या दक्षतेपुरताच राहिला.

मुंबई प्रांतात १९३२ च्या वजने व मापे अधिनियमाने या क्षेत्रात एकसूत्रीपणा आणण्याचा प्रयत्न केला. स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये संसदेने दशमान पद्धतीची प्रमाणित वजने-मापे स्वीकारणारा कायदा केला, १९५८ मध्ये तत्कालीन मुंबई राज्याने त्याच्या अंमलबजावणीचा स्वतंत्र कायदा केला, आणि शेर-पायलीची जागा टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आणि लिटर यांनी घेतली. या कायद्यांचा कणा होता पडताळणी आणि मुद्रांकन, म्हणजे व्यापारात वापरले जाणारे प्रत्येक वजन, माप व काटा ठरावीक मुदतीने निरीक्षकाकडून तपासून त्यावर शासकीय शिक्का घेणे. पुढे १९७६ च्या कायद्याने आवेष्टित वस्तूंवर निव्वळ वजन, उत्पादकाचे नाव आणि किंमत छापण्याच्या नियमांना आधार मिळाला, आणि २०११ पासून या सर्वांची जागा वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ ने घेतली. काटा मारणे हा गुन्हा आहे हे आज प्रत्येक ग्राहक जाणतो. हे भान रुजविण्यात वजने-मापे निरीक्षकांच्या कित्येक दशकांच्या कामाचा वाटा मोठा आहे. खरेदीदाराने तक्रार करण्याआधीच शासनाने बाजारात जाऊन तपासणी करावी, हे या यंत्रणेचे तत्त्व ग्राहक संरक्षणाच्या पुढील इतिहासात फार उशिरा पुन्हा डोके वर काढते.

वजनापलीकडच्या फसवणुकीबाबत मात्र खरेदीदार दीर्घकाळ एकटाच होता. १८७२ चा करार अधिनियम आणि १९३० चा मालविक्री अधिनियम यांनी त्याला काही हक्क दिले खरे. तथापि घेणाऱ्याने पाहून-पारखून घ्यावे, हा मालविक्रीच्या कायद्याचा मूळ दंडक होता, आणि त्याला असलेल्या अपवादांचा लाभ घेण्यासाठी दिवाणी न्यायालयात न्यायालय शुल्क भरून, वकील देऊन, वर्षानुवर्षे दावा चालवावा लागे. शंभर-दोनशे रुपयांच्या सदोष वस्तूसाठी असा दावा कोणी लावीत नसे, आणि कोणी लावणार नाही हे विक्रेत्यालाही ठाऊक असे. टंचाई, भेसळ आणि काळाबाजार यांनी ग्रासलेल्या १९६० आणि १९७० च्या दशकांत या हतबलतेला महाराष्ट्रातून संघटित उत्तर मिळाले. १९६६ मध्ये मुंबईत काही गृहिणींनी स्थापन केलेल्या संस्थेने, म्हणजे कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाने, वस्तूंची चाचणी आणि तक्रारींचा पाठपुरावा सुरू केला. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली, आणि १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ बनवून घाऊक खरेदी आणि वाजवी दरात वितरण यांची पद्धत रूढ केली. ग्राहकाची ताकद त्याच्या एकट्याच्या सावधपणात नसून एकत्र येण्यात आहे, हा या चळवळीचा विचार होता, आणि ग्राहकासाठी स्वतंत्र कायदा व स्वतंत्र न्यायव्यवस्था असावी या मागणीला तिने लोकबळ दिले.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एप्रिल १९८५ मध्ये ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आणि पुढच्याच वर्षी, २४ डिसेंबर १९८६ रोजी, भारताच्या ग्राहक संरक्षण अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्याने जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा तीन पातळ्यांवर निवाड्याची व्यवस्था उभी केली. वस्तूतील दोष, सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या तिन्हींबद्दल साध्या अर्जावर, वकिलाविना आणि सुरुवातीच्या काळात कोणत्याही शुल्काविना दाद मागता येऊ लागली. एक लाख रुपयांपर्यंतचे दावे जिल्हा पातळीवर ठेवण्यात आले, ही मर्यादा १९९३ मध्ये पाच लाख आणि त्यानंतरच्या दुरुस्तीने वीस लाख झाली. तक्रारीचा निर्णय साधारणतः तीन महिन्यांत, आणि मालाची प्रयोगशाळेत तपासणी करावी लागल्यास पाच महिन्यांत व्हावा, असा दंडकही कायद्यात होता. ही कालमर्यादा पाळली जात नाही हे लवकरच दिसून आले. परंतु निवाडा गावाजवळ आणि स्वस्तात मिळाला पाहिजे, हे तत्त्व या कायद्याने प्रस्थापित केले, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही.

दरम्यान दिवाळ्याचा भोवताल पूर्णपणे बदलून गेला होता. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोने, म्हणजे शहर व औद्योगिक विकास महामंडळाने, ठाणे-बेलापूर पट्टी, पनवेल आणि उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर वसविण्याचे काम हाती घेतले. आगरी-कोळी भूमिपुत्रांनी या जमिनींच्या संपादनाविरुद्ध केलेला संघर्ष, १९८४ च्या जानेवारीत उरण परिसरात झालेला गोळीबार आणि पुढे मिळालेला साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा हक्क हा स्वतंत्र इतिहास आहे. ग्राहक संरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की या परिसरातील सर्वांत मोठी विकली जाणारी वस्तू आता घर ही झाली आणि तिचा एक मोठा विक्रेता खुद्द शासनाचे महामंडळ होते. बेलापुरात चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या आर्टिस्ट व्हिलेजसारख्या वसाहतीपासून हजारो सदनिकांच्या योजनांपर्यंत सिडकोने घरे बांधली व वाटप केली. शासकीय संस्थेकडून घर घेणारा माणूस लाभार्थी मानावा की ग्राहक, हा प्रश्न देशभर उपस्थित होत होता. सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबर १९९३ रोजी लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात त्याचे निःसंदिग्ध उत्तर दिले : घरे बांधणारी किंवा भूखंड विकसित करणारी वैधानिक संस्था सेवा पुरविते, त्यामुळे विलंब व निकृष्ट काम यांबद्दल ती ग्राहक न्यायमंचापुढे उत्तरदायी आहे. सार्वजनिक संस्थेच्या मनमानीची भरपाईही ग्राहकाला मिळू शकते, हे या निकालाचे सूत्र नियोजित शहरांतील नागरिकांसाठी फार मोलाचे ठरले. मात्र २००९ मध्ये चंदीगडच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने एक मर्यादा घातली : जाहीर लिलावात आहे त्या स्थितीतील भूखंड बोली लावून घेणारा, सुविधांबद्दल तक्रार करण्यापुरता, ग्राहक ठरत नाही.

मच्छीमार हा केवळ विक्रेता नाही, हेही याच काळातील कायद्याने मान्य केले. व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहकाच्या व्याख्येतून वगळलेला असला, तरी केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जाणार नाही, असे स्पष्टीकरण १९९३ च्या दुरुस्तीने जोडले. या स्पष्टीकरणामुळे स्वतःच्या होडीवर राबणारा कोळी होडीसाठी इंजिन किंवा जाळे घेतो तेव्हा तोही ग्राहक ठरू शकतो, आणि इंजिन सदोष निघाल्यास किंवा होडीच्या विम्याचा दावा अन्यायाने नाकारला गेल्यास त्याला दाद मागता येते. ज्या गावांतील लोकांना व्यवहाराच्या एकाच बाजूला पाहण्याची सवय शहराला लागली आहे, त्या गावांसाठी ही तरतूद विशेष अर्थपूर्ण आहे.

निवाडे होऊ लागले तशी त्यांच्या बजावणीची अडचण पुढे आली. १९८६ च्या मूळ कायद्यातील कलम २५ प्रमाणे ग्राहक मंचाचा आदेश दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येत असे. १५ मार्च २००३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत हे कलम बदलताना जप्तीची तरतूद ‘अंतरिम आदेशा’पुरती उरली, ठरावीक रकमेची वसुली जिल्हाधिकाऱ्यामार्फत करण्याची सोय झाली, परंतु सदनिकेचा ताबा द्यावा, सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन व इमारतीच्या मालकीचा दस्त, करून द्यावा अशा अंतिम आदेशांसाठी सरळ मार्ग राहिला नाही. आदेश न पाळणाऱ्यास कैद किंवा दंड करण्याची धमकी तेवढी हाती होती. पुण्याच्या पाम ग्रोव्ह्ज सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी ही विसंगती दूर केली, आणि १५ मार्च २००३ ते २० जुलै २०२० या काळापुरते त्या कलमातील शब्द ‘कोणताही आदेश’ असेच वाचावेत, असा निर्णय दिला. कायद्याच्या शब्दयोजनेतील एका त्रुटीमुळे सतरा वर्षांतील अंतिम आदेशांच्या अंमलबजावणीवर सावट पडून राहावे, ही बाब कायदे करणाऱ्यांनी गांभीर्याने लक्षात ठेवली पाहिजे.

घरखरेदीच्या क्षेत्रात महाराष्ट्राने १९६३ मध्येच मालकी सदनिका अधिनियम करून करार नोंदणी, नकाशांची माहिती आणि अभिहस्तांतरण यांची सक्ती केली होती. २०१६ च्या स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियमाखाली १ मे २०१७ पासून महारेरा हे राज्याचे नियामक प्राधिकरण कार्यरत झाले आणि प्रकल्पांची नोंदणी बंधनकारक ठरली. हा अधिनियम आणि ग्राहक संरक्षण कायदा यांपैकी कोणत्या मार्गाने जावे, याची निवड ग्राहकाची आहे आणि एक मार्ग खुला असल्याने दुसरा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये स्पष्ट केले. जानेवारी २०२२ मध्ये समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, न मिळविणे ही विकासकाची सेवेतील त्रुटी असून ती चालू राहणारी चूक आहे, असे ठरविले. त्यामुळे अशा दाखल्याअभावी वाढीव पाणीपट्टी व मालमत्ता कर भरणाऱ्या सदनिकाधारकांना मुदत टळल्याच्या सबबीवर परत पाठविता येत नाही. नवी मुंबईत गावठाणांभोवती गरजेपोटी उभ्या राहिलेल्या आणि मंजुरीचा पेच असलेल्या बांधकामांत ज्यांनी घरे घेतली, त्यांच्यासाठी या दाखल्याचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

२० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या अधिनियमाने १९८६ च्या कायद्याची जागा घेतली. ग्राहकाला आता आपण राहतो किंवा काम करतो त्या ठिकाणच्या आयोगापुढे तक्रार दाखल करता येते. त्यामुळे दूरच्या शहरातील कंपनीकडून वस्तू मागविणाऱ्या बेलापूरच्या रहिवाशाला कोकण भवनातच दाद मागणे शक्य झाले. आयोगाची आर्थिक अधिकारिता मागितलेल्या भरपाईऐवजी प्रत्यक्ष दिलेल्या मोबदल्यावर ठरू लागली, आणि ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये वैध ठरविली. जिल्हा आयोगाची मूळ मर्यादा एक कोटीची होती, ती डिसेंबर २०२१ च्या नियमांनी पन्नास लाखांवर आणली गेली. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, सुनावणी दूरदृश्य पद्धतीने होऊ शकते, आणि पक्षकारांची संमती असल्यास प्रकरण मध्यस्थीकडे सोपविता येते. उत्पादन दायित्व, म्हणजे सदोष उत्पादनामुळे झालेल्या इजेबद्दल उत्पादक, सेवादाता आणि विक्रेता यांची जबाबदारी, हे स्वतंत्र प्रकरण कायद्यात आले. ‘अन्याय्य करार’ ही संकल्पनाही आली. विकासकाला विलंबाची मोकळीक आणि ग्राहकाच्या एका चुकलेल्या हप्त्यावर जबर व्याज, अशा एकतर्फी अटी आता रद्दबातल ठरविता येतात. परंतु अन्याय्य कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगापुढे करण्याची तरतूद मात्र नाही. ती राज्य किंवा राष्ट्रीय आयोगापुढेच करावी लागते. ज्या सामान्य खरेदीदाराला अशा अटींचा सर्वाधिक जाच होतो, त्याच्यासाठी हे अंतर कमी केले पाहिजे.

या अधिनियमाचा सर्वांत मोठा बदल म्हणजे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण. जुलै २०२० मध्ये स्थापन झालेल्या या प्राधिकरणाला व्यक्तिगत तक्रारीची वाट न पाहता ग्राहकवर्गाच्या हितासाठी चौकशी करण्याचा, धोकादायक वस्तू बाजारातून परत घेण्यास सांगण्याचा आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार आहे. वजने-मापे निरीक्षकाच्या कामामागील तत्त्व, म्हणजे शासनाने आपण होऊन बाजार तपासावा हे, येथे जाहिराती आणि ऑनलाइन व्यापारापर्यंत विस्तारले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’ रोखणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. खोटी घाई निर्माण करणे, न मागितलेली वस्तू खरेदीच्या यादीत घुसविणे, वर्गणी बंद करणे मुद्दाम अवघड ठेवणे अशा युक्त्यांचा त्यांत समावेश आहे. जिल्हा पातळीवर हीच जबाबदारी जिल्हाधिकाऱ्याकडे आहे : आपल्या हद्दीत ग्राहकहक्कांचे सामूहिक उल्लंघन झाल्याच्या तक्रारीची चौकशी करून अहवाल पाठविण्याचा अधिकार कलम १६ ने त्याला दिला आहे. या अधिकाराची माहिती सामान्य नागरिकांपर्यंत पोचविण्याचे काम ग्राहक संघटनांनी अग्रक्रमाने हाती घेतले पाहिजे.

एवढ्या तरतुदी असूनही निवाडा करणारी माणसेच नसतील तर कायदा कागदावर राहतो, आणि गेल्या काही वर्षांत नेमका हाच प्रश्न ऐरणीवर आला. आयोगांतील रिक्त पदांची दखल सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून घ्यावी लागली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने नेमणुकांच्या नियमांतील काही तरतुदी रद्द केल्या. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवून सदस्यांची निवड लेखी परीक्षेच्या आधारे करण्याचा निर्देश दिला. महाराष्ट्रातूनच गेलेल्या पुढच्या प्रकरणात, २१ मे २०२५ रोजी, त्या न्यायालयाने अल्प मुदतीच्या नेमणुकांवर चालणाऱ्या व्यवस्थेऐवजी कायमस्वरूपी न्यायिक रचना उभारण्याच्या शक्यतेचा विचार करावा, असे केंद्र सरकारला सांगितले. बजावणीच्या बाजूनेही दिशा बदलत आहे. २०१९ च्या अधिनियमाच्या कलम ७१ प्रमाणे प्रत्येक आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो, आणि कलम ७२ प्रमाणे आदेश न पाळणाऱ्यास किमान एक महिन्याची, कमाल तीन वर्षांची कैद किंवा किमान पंचवीस हजार रुपयांचा दंड होऊ शकतो. ताबा न देणाऱ्या एका विकासकाच्या प्रकरणात मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही ठरविले, की दिवाळखोरीच्या कार्यवाहीतील स्थगितीच्या आडून राष्ट्रीय आयोगाने लावलेल्या दंडातून सुटका करून घेता येणार नाही.

दिवाळ्याच्या मासळीबाजारातील व्यवहाराला या यंत्रणेची क्वचितच गरज भासते, कारण तेथे माल, विकणारी आणि घेणारा एकाच वेळी एकमेकांसमोर असतात. सदनिका, विमा, इंजिन आणि ऑनलाइन खरेदी यांच्या बाबतीत हा समोरासमोरचा आधार नाहीसा झाला, आणि त्याची भरपाई करण्याचे उत्तरदायित्व कायद्याने स्वीकारले. ते पार पाडायचे तर पुढील सुधारणा हक्कांची नवी यादी करण्याऐवजी तीन गोष्टींवर केंद्रित झाल्या पाहिजेत : आयोगांतील पदे वेळेवर व कायमस्वरूपी भरणे, आदेशाच्या बजावणीच्या अर्जांना मूळ तक्रारीइतकीच कालमर्यादा लावणे, आणि अन्याय्य करारासारखे विषय जिल्हा आयोगाच्या अधिकारात आणणे. बेलापुरात निवाडा करणारे कार्यालय लोकांच्या दाराशी आहे; तेथून मिळालेला आदेश विक्रेत्याने निमूटपणे पाळावा इतका त्याचा धाक आणि विश्वास निर्माण झाला, तरच १९८६ मध्ये दिलेले वचन खऱ्या अर्थाने पुरे झाले, असे म्हणता येईल.